खोटी

सोहारच्या बंदरात आज वारा पडलाय.
जेटीवरच्या कच्च्या लोखंडाचा वास
फायलींत आलाय, चहातही.
नवा पोरगा, गुहागरच्या खातूंचा निहार,
वही उघडून विचारतो,
परकारचाचा, डेमरेज आणि डिटेन्शन, फरक काय?
दोन्हींत उशीर आपलाच ना?

बस, म्हटलं.
कंटेनर बंदराच्या कुंपणात पडून राहिला, तर डेमरेज.
बाहेर नेलास आणि रिकामा परत केला नाहीस, तर डिटेन्शन.
एक आत अडकल्याचं भाडं,
एक बाहेर राहिल्याचं.
तो लिहून घेतो.
मला लिहून घ्यायची गरज नाही,
मला दोन्ही लागू आहेत.

जहाजाचं निराळं.
त्याला आधी मोजून दिवस देतात, ले-टाइम.
त्यात शुक्रवार धरत नाहीत, ईद धरत नाहीत,
पाऊस पडला तर तेवढे तास वजा
(इथे पाऊस? निहार हसतो).
पण मुदत एकदा सरली की सरली.
मग शुक्रवार मोजतात, ईद मोजतात,
कप्तानाच्या मुलीचा निकाह असला
तरी तो दिवस मोजतात.
आणि मुदतीआधी माल उतरवलास
तर पैसे उलटे तुझ्याकडे येतात, त्याला डिस्पॅच म्हणतात.
मी तेवीस वर्षांत दोनदा पाहिलाय.

ड्रॉवरमध्ये एक जुना कोश आहे, पुठ्ठा सुटलेला.
त्यात लिहिलंय, शब्द मूळचा फ्रेंच,
रेंगाळणं, मुक्काम करणं.
आणि त्याचाच सख्खा भाऊ डिमर,
म्हणजे आढेवेढे घेणं,
हो म्हणायच्या आधी घसा खाकरणं.
राहणं आणि नकार देणं
एका आईची लेकरं.
मी राहिलो.
घसा कधी खाकरला नाही.

माझा बाप बाणकोटच्या खाडीत तांडेल.
ओहोटीला मचवा गाळात बसला
की म्हणायचा, झाली खोटी,
आणि विडी पेटवायचा.
दर नाही, नोटीस नाही,
भरती येईल तेव्हा येईल.
खोटीच्या एका अंगाला खोट, म्हणजे तोटा,
दुसऱ्या अंगाला खोटा. तो कोशात बघावा लागत नाही.
मधे ही बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन.

नफीसा फोनवर एवढंच म्हणाली होती, चौथ्या की पाचव्या वर्षी,
दोन वर्षांनी येतो म्हणालात
ती तारीख खोटी होती,
की तारखेची खोटी झाली?
मी म्हटलं, लाइन तुटतेय.
लाइन चांगली होती.

दुपारी नांगरावरच्या 'मरियम-३' चा हिशेब घेतला.
मालक फोन उचलत नाही,
सात माणसं वर, नववा महिना,
पाणी आठवड्यातून एकदा बोटीने.
जहाजाचा दर दिवसाला साडेचार हजार डॉलर,
खंड दिवसांचाही, म्हणजे अर्धा, पाव, तास.
माणसांचा रकाना तक्त्यात नाही.
मी आधी कधी शोधलाही नव्हता.

वॉकीटॉकीवर इंजिनातला तारकर आला, देवगडचा.
चाचा, आमची किती झाली?
मी आकडा वाचायला लागलो,
अकरा लाख, अठ्ठ्याऐंशी हजार...
पैशे नव्हे हो, तो म्हणाला.
खोटी.

मग बराच वेळ नुसती खरखर,
आणि त्यात कुणीतरी भांडं घासत होतं.

दोनशे चौसष्ट दिवस, मी म्हटलं.
शुक्रवार धरून?
शुक्रवार धरून.

संध्याकाळी तक्ता छापायला घेतला.
शेऱ्याचा रकाना नेहमी कोरा सोडतो.
आज सोडला नाही.
निहारने खांद्यावरून वाकून पाहिलं,
ओठ हलवत एक एक अक्षर लावलं.
चाचा, याचं स्पेलिंग असंच का?

माहीत नाही रे, म्हटलं.
छाप.